अर्ध्यावर थांबलेला पंख

काटकोनाला कुणी चार शब्द वाकडे बोललं तर तो हसून सोडून द्यायचा. पण समोर एखादी वस्तू वाकडी दिसली की त्याच्या जिवाची घालमेल व्हायची.

चष्म्याचं दुकान होतं त्याचं. अरुंद, लांबट, दोन्ही भिंतींना आरसे. पुढच्या बाजूला बायको बसायची आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला कुठली फ्रेम शोभेल ते सांगायची. मागच्या टेबलावर दिव्याखाली हा. काड्यांचे स्क्रू बदलायचे, नाकावरच्या गाद्या बसवायच्या, काचा घासायच्या. पण खरी गंमत म्हणजे गिऱ्हाईक नुसतं पुसायचं फडकं घ्यायला आलं, तरी हा उठून पुढे यायचा आणि न विचारता त्याच्या नाकावरचा चष्मा उचलायचा. "डावी काडी वर आहे," एवढं बोलायचा, काडी गरम वाळूच्या भांड्यात खुपसायचा, अंगठ्याने दाबायचा आणि चष्मा परत चढवायचा. तोवर तो माणूस आंधळ्यासारखा काउंटर चाचपत उभा. मग आरशात बघून म्हणायचा, "अरे वा, आता कसं सरळ बसलं!"

इतक्या वर्षांत एकानेही तक्रार केली नव्हती. तिथेच घात झाला. माणसाला कुणी कधी अडवलंच नाही, की त्याला वाटायला लागतं, देवाने आपल्याला जग सरळ करायलाच पाठवलंय.

दुकानाखेरीज त्याला एकच नाद. विमानांच्या प्रतिकृती. त्यातही साधी विमानं नाहीत, आरमाराची, जहाजावर उतरणारी. जहाजावर जागा कमी, म्हणून या विमानांचे पंख मध्येच बिजागरीवर दुमडून वर उभे करता येतात. शिवाय इंजिन बंद झालं आणि नळ्यांतल्या तेलाचा दाब उतरला, की पंखाच्या मागच्या फळ्या नि शेपटीच्या फळ्या हळूहळू खाली लोंबायला लागतात. कुठली किती लोंबते, पंख दुमडल्यावर कुठली सरळच राहते, हे प्रत्येक जातीच्या विमानाचं वेगळं. हे सगळं काटकोनाला तोंडपाठ. स्वतः जहाजावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. बायको म्हणायची, "बादलीतलं पाणी हललं तरी यांना मळमळतं, आणि गप्पा आरमाराच्या!" पण पुस्तकं आणि फोटो पाहून पाहून त्याने इतकी माहिती जमवली होती की बोलायची सोय नाही.

हौशी मंडळी एका शाळेच्या वर्गात जमायची आणि आपापली विमानं बाकांवर मांडायची. हा दात कोरायची काडी घेऊन बाकाबाकावरून फिरायचा. "पंख दुमडलेले, मग ही फळी खाली कशी? वैमानिक आत बसलाय, इंजिन चालू, मग शेपूट पडलेलं कसं?" काडीचं टोक बरोब्बर चुकीवर. काटकोन हे नाव त्या मंडळींनीच ठेवलं. तो दारात दिसला की कुणीतरी ओरडायचंच, "काटकोन आले रे, झाकपाक करा!" सगळे हसायचे. तोही हसायचा. त्याला तो मान वाटायचा.

असा हा माणूस. वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. दुरुस्तीला कुणाचं विमान आलं तर चहासुद्धा घ्यायचा नाही.

एके दिवशी दुकानात मोठ्या मावशी आल्या. पलीकडच्या रस्त्यावर त्यांचं पाळणाघर होतं. तिथल्या पोरांच्या त्या मोठ्या मावशी, म्हणून मग पोरांच्या आईबापांच्या, दूधवाल्याच्या, साऱ्या गल्लीच्याच मोठ्या मावशी. साठीच्या घरातल्या, आवाज खणखणीत. हातात बुटांचं खोकं, आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं एक विमान.

"दादा, तुम्ही विमानं दुरुस्त करता ना? कपाट सरकवताना हे पडलं. चाक निखळलंय बघा पुढचं. आणि ही लाल काडी होती पंखाखाली, तिचे दोन तुकडे झालेत. तेवढं चिकटवून द्या. बाकी ठीक आहे."

काटकोनाने टॉवेल उलगडला. हाताने कोरलेलं लाकडी विमान. कोरणाऱ्याचा हात फारसा सफाईचा नव्हता, जागोजागी चाकू घसरलेला. पण मनापासून केलेलं. फक्त उजवा पंख दुमडून पुरता उभा होता आणि डावा अर्ध्यावरच थांबला होता, माणसाने कोपरातून हात उचलावा आणि मध्येच विसरून जावा तसा. शेपटीची एक फळी सरळ, एक खाली पडलेली.

बाकी ठीक आहे! काटकोनाला मनातल्या मनात हसू आलं. ठीक कुठलं? या जातीचे दोन्ही पंख एकाच खटक्यावर एकदमच उचलले जातात, एक वर नि एक अधांतरी असं होतच नाही.

"कुणी केलंय हे?" त्याने विचारलं.

"धाकट्याने. माझ्या भावाने. आता नाही तो."

"छान आहे," तो म्हणाला. मोठ्या मावशींच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं आणि त्या गेल्या. जाता जाता त्यांच्याही चष्म्याची काडी त्याने सरळ करून दिली.

चाकाचं काम चहा निवायच्या आत झालं. तिथेच थांबायचं. पण विमान समोर होतं आणि तो डावा पंख त्याच्या डोळ्यात कुसळासारखा खुपत होता. त्याच्या मनात आलं, बिचारा भाऊ, कुणी सांगणारं भेटलं नसेल. आता आपल्या हाती आलंय तर आपणच नीट करून द्यावं, बहिणीलाही बरं वाटेल.

बायको पुढून म्हणाली, "चाक झालं ना? मग ती करवत कशाला काढलीत?"

"पंख चुकलाय त्याचा."

"त्यांना विचारलंत?"

"चूक सुधारायला विचारायचं कशाला? चष्मा सरळ करताना विचारतो का मी?"

"तेच म्हणते मी," बायको म्हणाली. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तिचं बोलणं तिथेच राहिलं.

भावाने पंखाच्या जोडात पितळेची एक पट्टी वाकवून घातली होती आणि तिच्यावरून रंग मारला होता. काटकोनाने केसासारख्या बारीक करवतीने ती कापून काढली. तिच्या जागी चष्म्याच्या दोन इवल्या बिजागऱ्या बसवल्या. डावा पंख उजव्याच्या बरोबरीने उभा राहिला. शेपटीच्या दोन्ही फळ्या सारख्या खाली केल्या. चाकूच्या घसरलेल्या खुणा भरून रंग मारला. पंख आता भक्कम उभा असताना लाल काडीचं काम काय? तुकडे केराच्या टोपलीत गेले. पितळ मात्र तो कधी फेकत नसे. पट्टी चिमट्याने ठोकून सरळ केली आणि पितळेच्या डब्यात टाकली. डब्यात वाकडी वस्तू टाकायची नाही, हा त्याचा नेमच होता.

संध्याकाळी त्याने विमान दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिलं. एकही चूक नव्हती.

मोठ्या मावशी न्यायला आल्या तेव्हा त्याने टॉवेल स्वतः उघडला, जादूगाराने रुमाल काढावा तसा. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं, आत आणखी काही आहे का म्हणून.

"हे आमचं नाही," त्या म्हणाल्या.

"तुमचंच आहे, ताई. नीट केलंय. त्याचा पंख चुकला होता, तो—"

"काडी कुठाय?"

"तिची आता गरज नाही. पंख पूर्ण दुमडला की—"

"दादा, काडी कुठाय?"

दुकानात चष्मा बघायला आलेली एक बाई होती. तिने हातातली फ्रेम खाली ठेवली. काटकोनाने टोपलीकडे पाहिलं. टोपली सकाळीच रिकामी झाली होती.

मोठ्या मावशी खुर्चीवर बसल्या. पाळणाघरात रडणाऱ्या पोराला सांगावं तशा सावकाश बोलायला लागल्या, आणि त्या तसं बोलत होत्या म्हणूनच ते ऐकणं अवघड झालं.

"धाकटा जहाजावर होता. विमानं ढकलायची, बांधायची, हेच काम. एकदा पंख दुमडताना तेलाची नळी फुटली. एक पंख वर गेला, आणि दुसरा अर्ध्यावरून खाली यायला लागला. खाली एक पोरगा वाकून काहीतरी करत होता. आमच्या येड्याने आधाराचा लाल दांडा उचलला आणि खाली घातला. पंख अडला. पोरगा सरपटत बाहेर आला. पण दांडा नि पंख यांच्या मध्ये धाकट्याचा हात होता."

त्यांनी आपल्या उजव्या हाताची तीन बोटं दुमडून दाखवली.

"घरी आला तो असा. वर्षभर कुणाशी धड बोलला नाही. मग लाकूड आणलं आणि उरलेल्या बोटांनी हे कोरलं. जिथे पंख थांबला, तिथेच थांबवला त्याने. मी म्हटलं, अरे, दुसराही सरळ कर की, देखणं दिसेल. तर म्हणाला, 'ताई, हा थांबला म्हणूनच तर केलंय.'"

काटकोनाने विमान जवळ ओढलं. चाकू का घसरला होता ते आता त्याला कळलं. त्या खुणाही त्याने भरून टाकल्या होत्या.

"माझी चूक झाली," तो म्हणाला.

"मला होतं तसं करून द्या," मोठ्या मावशी म्हणाल्या. रागावल्या असत्या, दोन शब्द सुनावले असते, तर त्याला सोसलं असतं. त्या नुसत्या उठल्या. दारातून म्हणाल्या, "मी 'बाकी ठीक आहे' म्हटलं होतं, दादा."

ती चष्मा बघायला आलेली बाई उगाचच आरशात बघत होती. तिला निरोप देऊन बायको मागे आली. तिच्या जिभेला धार होती, पण त्या दिवशी तिने ती वापरली नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मी तुम्हाला अडवायला हवं होतं. अर्धंच बोलले."

"तू नको वाटा घेऊस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाचं मागचं दार लावून घेतलं आणि विमान पुढ्यात घेतलं. शेपटीचं सोपं होतं. फळी खुंटीवर फिरायची आणि खुंटीवर जुनी खाच होती. एक सरळ, एक पडलेली, जशी होती तशी बसली. चाकूच्या खुणांवरचा नवा रंग आणि आत भरलेलं सारं त्याने सुईने उकरून काढलं. नवी लाल काडीही त्याने तासली. पण काडी किती लांब हवी, ते पंखावर अवलंबून. आणि पंख?

तो डोळे मिटून आठवायला लागला. अर्ध्यावर. अर्ध्यावर म्हणजे किती? निम्म्याच्या खाली की वर? ज्या माणसाला बघितलेल्या प्रत्येक फोटोतली प्रत्येक फळी आठवायची, त्याला हातात धरलेल्या विमानाचा पंख आठवेना. कारण त्याने तो पाहिलाच नव्हता. चूक आहे एवढं दिसलं आणि डोळे तिथेच मिटले होते. कापण्याआधी फोटो काढावा, कोनमापक लावावा, असं वाटलंही नव्हतं. चूक कुणी मोजून ठेवतं का?

मग पितळेचा डबा आठवला. त्याने तो फडक्यावर पालथा केला. बारीकसारीक तुकड्यांतून भावाची पट्टी निघाली, त्याने स्वतःच्या हाताने ठोकून सपाट केलेली. वाकवलेली असती तर ती उचलून बसवली की काम झालं असतं. स्वतःच्या नेमाचीच त्याला किळस आली. हातातला चिमटा टेबलावर आपटला, आणि पुढून बायकोने "काय झालं?" विचारलं तर "काही नाही" म्हणाला.

भिंगाखाली धरल्यावर मात्र पट्टीवर एक तिरपी रेघ दिसली. रेघेच्या अलीकडे रंग, पलीकडे कोरं पितळ. पंखाच्या लाकडाने जेवढं झाकलं होतं तिथे रंग पोचला नव्हता. त्या रेघेवरून कोन काढता येत होता! त्याने काढला, तपासला, परत काढला. पंख निम्म्यापेक्षा बराच खाली होता. त्याच्या जिवात जीव आला. देवाने एवढी तरी वाट ठेवली, असं त्याच्या मनात आलं. बिजागऱ्या काढून त्याने पंख टाचणीवर तात्पुरता टेकवला आणि मोठ्या मावशींना निरोप धाडला.

त्या आल्या. दारातूनच त्यांनी मान हलवली.

"नाही. एवढा खाली नव्हता. वर होता याच्याहून."

इथे त्याने गप्प बसायला हवं होतं. पण जित्याची खोड! तो लगबगीने उठला, पट्टी आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

"हे बघा, ताई. ही रंगाची रेघ. पंख इथे होता म्हणूनच रंग इथवर आलाय. याच्याहून वर असणं शक्यच नाही. पुरावाच आहे."

मोठ्या मावशींनी भिंगातून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. पट्टी खाली ठेवली, विमानाकडे पाहिलं. त्यांचा तो खणखणीत आवाज एकदम लहान झाला.

"मग मी इतकी वर्षं काय बघत होते?" त्या म्हणाल्या. "रोज पुसायचे मी ते. मला वर वाटायचा. मग तो... त्याचा हात, तो सांगायचा तेही मी नीट ऐकलं नसेल का?"

बायकोने पुढून काटकोनाकडे पाहिलं. त्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पंख कापला तो एकदा कापला. पण आता त्याने या बाईच्या आठवणीलाच करवत लावली होती, आणि तीही पुराव्यासकट. पहिल्या वेळी निदान अजाण होता.

त्याने पट्टी परत उचलली. या वेळी बरोबर ठरायला नाही, आपण कुठे चुकत असू ते शोधायला. आणि शोधल्यावर दिसलं. पट्टीच्या घडीपाशी रंगाला बारीक तडे गेले होते. तडे त्याच्या ठोकण्याने गेले असतील. पण रंग वाळल्यावर भावानेच पंख पुन्हा वर उचलला असेल, तरीही असेच तडे गेले असते. पट्टी सपाट केल्यामुळे आता ते कळायला मार्गच उरला नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "रंग लावल्यावर त्याने पंख हलवला असेल. तुम्ही म्हणता तेवढा वर केला असेल. नसेलही. हे सांगणारी खूण होती, ती मी ठोकून घालवली. मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

मंडळींपैकी कुणी तिथे असतं तर त्याचा कानावर विश्वास बसला नसता.

मोठ्या मावशी पंखाकडे बघत होत्या. रस्त्यावरून पोरं कलकलाट करत जात होती, त्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी पदर खोचला. "कालवा तुमचा गोंद," त्या म्हणाल्या. "मी धरते."

त्याने दोन नळ्यांतला गोंद काचेवर कालवला, जोडाला लावला. मोठ्या मावशींनी पंख दोन बोटांत धरला आणि डोळे अर्धवट मिटून वर नेला, जरा खाली आणला, पुन्हा वर. थांबल्या. रेघेने सांगितलं त्याच्या बराच वर आणि त्यांनी आधी नेला होता त्याच्या जरासा खाली.

"असा," त्या म्हणाल्या. मग, "असाच बहुतेक."

गोंद धरायला वेळ लागतो. तोवर धरून राहायचं. त्यांच्या हाताला कंप होता, वयाचा. पंख मध्येच केसभर खचला. काटकोनाला ते दिसलं. त्याची बोटं आपोआप पुढे गेली, आणि त्याने ती मागे घेऊन मांडीखाली दाबून धरली.

"हलला का हो?"

"थोडासा."

"तुम्ही धरता?"

"नको. तुम्हीच धरा."

बायकोने चहा आणून ठेवला. तो कुणीच घेतला नाही. मोठ्या मावशी धाकट्याविषयी बोलत होत्या, लहानपणी तो किती भित्रा होता, झुरळ दिसलं तरी पलंगावर चढायचा. काटकोन खाली मान घालून ऐकत होता. त्याला ते ऐकायचा हक्क नव्हता असं त्याला वाटत होतं, आणि उठून जायचीही सोय नव्हती.

गोंद वाळला. त्याने लाल काडी त्या पंखाच्या मापाने कापून खाली बसवली. मोठ्या मावशींनी विमान खिडकीशी नेलं, उजेडात धरलं.

"आता हे त्याने केलेलं म्हणायचं का?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच विचारायचं होतं.

हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यालाही सुटल्यासारखं झालं असतं. बायको तर डोळ्यांनी त्याला सांगतच होती, म्हणा हो, म्हणून टाका.

"पंख आणि काडी सोडून," तो म्हणाला. "तेवढं सोडून सगळं त्याचं आहे."

मोठ्या मावशींनी मान हलवली. विमान टॉवेलात गुंडाळलं, डाव्या पंखापाशी टॉवेलाची जास्तीची घडी ठेवली, आणि खोकं छातीशी धरून दाराकडे वळल्या. दार उघडायला त्यांचा हात मोकळा नव्हता. काटकोन उठला, पण पुढे व्हायचा त्याला धीर झाला नाही. शेवटी बायकोनेच जाऊन दार धरलं.